‘नौलखा घाट’मधली मुलगी

इश्वरच्या ओसरीवर रोज दुपारी चार वाजता जुन्या सिनेमांची सभा भरायची. सभासद मोजून तीन. जवाहरनगरच्या फॅक्टरीतून नुकताच निवृत्त झालेला इश्वर, त्याच्याच सेक्शनला तीस वर्षं काढलेला संघपाल, आणि लाखांदूरचा यादोराव. यादोराव दोघांना दोन वर्षं सीनियर होता आणि हे तो कुणाला विसरू द्यायचा नाही. इश्वरची सून अंजू शाळेतून शिकवून आली की चहा टाकायची, आणि मग भांडणाला खरा रंग चढायचा. कोणत्या सिनेमात हिरोची आई कोण झाली होती, कोणत्या खलनायकाने जन्मात एकदाच पोलिसाचं काम केलं, कोणत्या गाण्यात नायिकेची साडी प्रत्येक कडव्याला बदलते. यातलं काही कळलं नाही म्हणून कुणाचं अडणार नव्हतं. पण यादोराव एकदा हरला की दोन दिवस फिरकायचा नाही.

धानाची कापणी आटोपली होती, हवेत गारवा होता. त्या दिवशी विषय ‘नौलखा घाट’वर आला.

“देवकांत डावखोरा होता,” संघपाल म्हणाला. “म्हणून त्याची थप्पड जोरात लागे.”

“डावखोरा?” यादोरावने कप खाली ठेवला. “अबे, चाळीस सिनेमे पायले मी त्याचे. उजव्या हातानं मारे थो.”

“मी माह्या डोळ्यानं पायलं. डाव्या हातानं मारते.”

“कुठी पायलं?”

“कोंढ्याले. शहात्तर साली. सरकारी गाडी आली होती नं.”

इश्वरही कोंढ्याचाच. तो हसायला लागला होता, मध्येच थांबला.

“तू मागून पायला असशीन,” तो हळूच म्हणाला.

यादोरावला उमगायला एक क्षण लागला. त्या काळी गावोगाव सिनेमा दाखवणारी सरकारी गाडी यायची तेव्हा तळ्याच्या पाळीखाली, बांधाच्या पायथ्याला, दोन बांबू रोवून पांढरं कापड ताणायचे. कापडासमोर गाव बसायचं. संघपालच्या मोहल्ल्यातली माणसं कापडाच्या मागे बसायची, कारण समोर जागा नसायची, आणि जागा का नसायची हे विचारायची कुणाला गरज पडत नसे. मागूनही सगळं दिसायचं, फक्त उलटं. नावांच्या पाट्या वाचता यायच्या नाहीत आणि उजवा हात डावा व्हायचा. एवढी वर्षं संघपाल एका उजव्या माणसाला डावखुरा समजत आला होता. त्याला स्वतःचंच हसू आलं, आणि हसूपाठोपाठ जुना राग आला.

“थे जाऊ दे,” इश्वरने घाईघाईने विषय बदलला. “मले त्याच्यातलं एकच सांगा. घाटावरच्या जत्रेत थे लहान पोरगी येते नं, तिचं काम कोणं केलं? कितीक वर्षं झाले शोधून राहिलो. कोणत्याच यादीत नाव नाही तिचं.”

“कोणती पोरगी?” यादोराव म्हणाला. त्याने तो सिनेमा भंडाऱ्याच्या टॉकीजमध्ये दोनदा पाहिला होता.

“अगा, देवकांत नावेतून उतरते. गर्दीतून एक पोरगी समोर येते, सात-आठ वर्षाची. इकडं पायते, तिकडं पायते, मंग सिद्धी नाकासमोर, आपल्याकडं पायते. एका वेणीले लाल फीत, दुसऱ्या वेणीले निळी चिंधी. अन् मजा म्हणजे पूरा सिनेमा हिंदी, पण थे आपल्या बोलीत बोलते! गाव हासून हासून लोळलं होतं. शिट्या वाजवल्या आमी.”

“काय बोलते?” संघपालने विचारलं. आपला आवाज त्याला दुसऱ्याचा वाटला.

“‘दादा, इकडून सिद्धं दिसते, ये नं.’ असंच काहीतरी.”

संघपालने कप जपून ओसरीच्या कडेला ठेवला.

ती निळी चिंधी त्याच्या आईने स्वतःच्या लुगड्याची फाडून बांधली होती, दुसरी फीत हरवली म्हणून. उषा सात वर्षांची होती, संघपाल अकरा. “तिचा हात सोडू नोको,” असं बजावून आई बायकांमध्ये जाऊन बसली होती. आधी कुटुंबनियोजनाची रीळ झाली, मग पाट्या सुरू झाल्या. उषा नुकतीच अक्षरं शिकली होती. पाट्यांवरची अक्षरं अशी पाठमोरी का, हे तिला पाहायचंच होतं. “दादा, तिकडून सिद्धं दिसत असन. चाल नं.” तिने त्याचा हात ओढला. तिकडे गेल्यावर काय होतं हे त्याला ठाऊक होतं. एकदा काठीचा फटका खाऊन झाला होता. त्याने हात सोडवून घेतला. “तू लहान हायस, तुले कोणी काही म्हणणार नाही. जा, पाहून ये.” उषा बांबूला वळसा घालून पलीकडे गेली आणि परत आली नाही.

तळ्यात जाळी टाकली, विहिरी उपसल्या, पवनीकडच्या जंगलापर्यंत माणसं गेली. काही सापडलं नाही. गर्दीत हात सुटला, असं संघपालने आईला सांगितलं होतं. तेच तो अजूनही सांगत होता. आई, विमलाबाई, आता ऐंशीची होती आणि त्याच्याच घरी खाटेला लागली होती. रोज दिवेलागणीला ती विचारायची, “उषा आली का रे?” थोडेच दिवस आहेत, असं डॉक्टर म्हणून गेले होते. आई जाण्याआधी या प्रश्नाला एकदा तरी काहीतरी उत्तर द्यावं, एवढीच संघपालची इच्छा उरली होती.

हे सगळं त्याने त्या दोघांना तिथेच सांगून टाकलं. हात सोडवल्याचं तेवढं सांगितलं नाही.

“थे तुही बहीण होय?” इश्वरचा चेहरा उतरला. एक पोरगी तळ्यात गेली, एवढंच त्याच्या कानावर होतं.

“गावातल्या कोणीच कशी वळखली नाही तिले?” संघपालने विचारलं.

इश्वरने मान खाली घातली. “कसे वळखू गा? आमी तुमच्या मोहल्ल्यात येतच नवतो. चेहरेच मालूम नवते आमाले.”

संघपालचा जन्म फॅक्टरीत मापं तपासण्यात गेला होता. केसभर फरक असलेला माल त्याने कधी पुढे जाऊ दिला नाही. पाहिल्याशिवाय त्याचा विश्वास बसणार नव्हता. अंजूने घरातल्या टीव्हीवर यूट्यूबवरून ‘नौलखा घाट’ काढून दिला. चित्र खरचटलेलं होतं, आवाज खोल गेलेला. घाट आला, नाव लागली, देवकांत उतरला, ढोल वाजले, गर्दी दोन्हीकडे फाकली. तो सरळ पायऱ्या चढून गेला. पोरगी कुठे नव्हती. तीनदा मागे नेऊन पाहिलं.

“घ्या,” यादोराव म्हणाला. “सपन पायलं इश्वरनं.”

इश्वरने कोंढ्याला मोठ्या बहिणीला, शकुनबाईला, फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल एवढा फोनचा आवाज मोठा केला. काय झालं ते सांगितलं नाही. “बाई, आपल्या तळ्याजवळ ‘नौलखा घाट’ लागला होता, आठवते का तुले?”

“आठवते नं. थे निळ्या चिंधीची पोरगी होती त्याच्यात.”

“कशी हासवे नं थे?”

“हासलो आपण, इश्वर. थे पोरगी तं रडत होती. पडद्याले आतून असे हात लावून लावून पाहे. खिडकी बंद झाल्यावर पायतेत, तशी. मले आजूनही दिसते थे.”

यादोराव उठला. घरी काम आहे म्हणाला. दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्याही दिवशी नाही, आणि या वेळी तो हरलेला नव्हता.

संघपाल चार रात्री नीट झोपला नाही. भिंतीला टेकवलेल्या टीव्हीला मागची बाजू नसते, हे त्याच्या ध्यानात आलं. त्या संध्याकाळी कापड होतं आणि कापडाच्या दोन्ही अंगांना माणसं होती. आपण हे काय करतोय, असं त्याने स्वतःला बरेचदा विचारलं. पण आईचा श्वास दिवसेंदिवस वर वर चालला होता, आणि त्याला दुसरं काही सुचत नव्हतं.

रविवारी भर दुपारी त्याने घरातल्या मोठ्या खोलीची दारं-खिडक्या लावून घेतल्या, फटींना पोती लावली आणि खोलीच्या मधोमध दोरीवर पांढरी चादर ताणली. बायको तृप्तीकडे, मुलीकडे, नागपूरला गेली होती ते बरंच झालं. अंजूने शाळेचा छोटा प्रोजेक्टर आणून लावून दिला आणि ती घरी गेली. इश्वर मागे राहिला. संघपालने आईची खाट चादरीसमोर आणली, अगदी मधोमध, जिथे पूर्वी गावातले मोठे लोक बसायचे. तिने एकदा या बाजूने पाहावं, अशी त्याची फार इच्छा होती.

“इथं नाही,” आई म्हणाली. चार दिवसांत ती पहिल्यांदा एवढं स्पष्ट बोलली. “माही जागा तिकडं हाय.”

“माय, आता कोणी काही म्हणत नाही.”

“तिकडं ने मले.”

दोघांनी खाट उचलून चादरीच्या मागे नेऊन ठेवली. उशांचा टेकू देऊन संघपालने तिला थोडं उठतं केलं. मग तो समोर येऊन इश्वरच्या शेजारी सतरंजीवर बसला. ताणलेल्या कापडाच्या या बाजूला तो आयुष्यात पहिल्यांदा बसला होता.

पाट्या सरळ आल्या. सगळी नावं वाचता येत होती. देवकांतने उजव्या हाताने थप्पड मारली. खोलीत प्रोजेक्टरच्या पंख्याची घरघर होती आणि तापलेल्या धुळीचा वास होता.

मग घाट आला. नाव लागली. ढोल सुरू झाले, गर्दी फाकली.

संघपाल डोळे ताणून पाहत होता. पायऱ्या होत्या, फेटे होते, फुगेवाला होता. आणखी काही नव्हतं.

शेजारी इश्वर सतरंजीवर पुढे सरकला.

“आली,” तो म्हणाला.

“कुठी?”

“थे काय समोर. तशीच हाय, संघपाल. तेवढीच हाय.” मग त्याचा आवाज बारीक झाला. “तिच्यासंगं पोरगा कोण हाय?”

“कोणता पोरगा?”

इश्वरने पडद्याकडे पाहिलं, मग संघपालच्या तोंडाकडे, पुन्हा पडद्याकडे, पुन्हा संघपालच्या तोंडाकडे. मग तो उठला आणि दार उघडून चपला न घालताच बाहेर गेला. दाराच्या फटीतून उन्हाची पट्टी चादरीवर पडली आणि दार मिटताच गेली.

संघपालला अजूनही फक्त गर्दी दिसत होती.

चादरीच्या मागे आई बोलत होती. अगदी हळू, लेकरांना निजवताना बोलतात तशी. “हो... हो माय... जेवले का दोघं?”

मधेमधे ती थांबत होती. तेवढ्या वेळात कोणाचाही आवाज येत नव्हता.

घाट संपला. गाणं लागलं.

संघपाल चादरीला वळसा घालून पलीकडे गेला. दोन महिने टेकूशिवाय न बसलेली आई खाटेवर पाय खाली सोडून ताठ बसली होती. उशा जमिनीवर पडल्या होत्या. चादरीतून आलेला उजेड तिच्या तोंडावर हलत होता आणि ते तोंड इतकं निवांत त्याने कधी पाहिलं नव्हतं.

“भेटली का, माय?”

“भेटली. दोघंही भेटले.” तिने समाधानाने मान हलवली. “मी उगाच एवढे दिवस जीव जाळला. एकटी नवती थे. माह्या संघपालनं तिले एकटी नाही जाऊ देल्लं. हात धरून गेला तिच्यासंगं. आजून धरूनच हाय.”

संघपाल तिच्या पायाशी खाली बसला. त्याला रडू आवरेना.

“मी इथं हाय, माय. मी नाही गेलो. थे बोलवत होती, मी हात सोडवून घेतला. गर्दीत नाही सुटला. मीच सोडवला.”

एकोणपन्नास वर्षांत हे वाक्य पहिल्यांदा त्याच्या तोंडातून बाहेर पडलं होतं.

आईने ते सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्याच्या घरचं दुःख ऐकावं तसं, मधे न बोलता, शांतपणे. त्याचे पिकलेले केस, चष्मा, सुटलेलं पोट, तिने एकेक करून पाहिलं.

“तुमी कोण जी?” तिने विचारलं.

ती अंग चोरून खाटेच्या कडेला सरकली, त्याला बसायला जागा करून दिली, आणि परक्या पुरुषासमोर घ्यावा तसा पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढून घेतला.