विनापरवाना हसू

"पुन्हा एकदा हसाल का?"

पिसिलाच्या हातातला ओताईचा, कलिंगड-नारळाच्या सरबताचा पेला ओठांशीच थबकला. नेआफू बंदराच्या धक्क्यावर पाऊस कोसळत होता. मासळीबाजाराच्या पत्र्याखाली माणसं दाटीवाटीनं उभी होती. कोळणीच्या कसल्याशा चावट बोलण्यावर ती खळखळून हसली, एवढंच झालं होतं. आणि कानावर हेडफोन चढवलेला हा उंचापुरा अनोळखी तरुण गर्रकन वळून असा बघत होता, जणू कुणी त्याच्या थोबाडीतच दिली आहे.

"काय म्हणालात?"

"हसा ना... एकदाच."

"तुमच्या गावात भर बाजारात पोरींना असंच बोलतात वाटतं?"

"अहो, नाही—" तो गडबडला. "मी लिसिआते. राजधानीहून, नुकुआलोफाहून आलोय. रोज दुपारी रेडिओवर तुमचा आवाज ऐकतो. वाढदिवसाच्या शुभेच्छा देता ना तुम्ही? तुमच्यासाठी किती बेटं पालथी घातली, काय सांगू!"

"अगं बाई!" कोळीण कडाडली. "पिसिला, जावई तर बोटीतून घरपोच आलाय!"

पिसिलाला लाजही वाटली आणि मजाही. "एवढं आवडतं, तर चला केंद्र बघायला," ती म्हणाली. अळूचं एक भलंमोठं पान तिनं स्वतःच्या डोक्यावर धरलं, मग जरा विचार करून त्याच्याही डोक्यावर सरकवलं. टेकडीची वाट निसरडी होती. तो प्रत्येक वळणावर काहीतरी बोलायला तोंड उघडायचा आणि मिटायचा.

"बोला की. जीभ बोटीत विसरलात का?"

रेडिओ केंद्राच्या दाराशी तो थांबला. खिशातून ओळखपत्र काढून त्यानं तिच्यापुढे धरलं.

"मी दळणवळण खात्याचा निरीक्षक आहे. या केंद्राला परवाना नाही, पिसिला. मला ते बंद करायचंय."

पान तिच्या हातातून गळून पडलं.

"परवाना आहे! फुसी आत्यानं काढलाय."

"पूर्वी होता. वादळात जुना ट्रान्समीटर गेला, तेव्हा हा दुसरा आणून बसवला. ना तपासणी, ना परवाना."

"म्हणजे माझा आवाज आवडला म्हणून नाही आलात तुम्ही..."

"आवडला," तो खाली बघत म्हणाला. "तीच तर पंचाईत झालीय."

"कागदाच्या एका कपट्यासाठी आमची तोंडं बंद करणार?"

 त्यानं हेडफोन तिच्या कानावर ठेवले आणि एक जुनं ध्वनिमुद्रण लावलं. आधी खरखर ऐकू आली. मग एका पुरुषाचा धापा टाकणारा आवाज— "बोट बुडतेय... ऐकतंय का कुणी..." आणि त्याच्यावरून, मोठ्यानं, तिचंच हसू. कुणाच्या तरी वाढदिवसाचं गाणं. पुन्हा तिचं हसू.

"तुमचा ट्रान्समीटर गळतोय," लिसिआते हळूच म्हणाला. "बोटी ज्या वाहिनीवर मदत मागतात, तिच्यात घुसतोय. किनाऱ्यावरच्या चौकीला फक्त तुम्ही ऐकू येत होता."

तो आवाज तिनं ओळखला होता. शेजारचे किटिओनेकाका. मागे त्यांची बोट बुडाली तेव्हा बर्फाच्या पेटीला धरून ते समुद्रात तरंगत राहिले, परक्या शिडाच्या बोटीला दिसले म्हणून वाचले. त्यांच्या वायरलेसची बॅटरी संपली असणार, असंच सगळे धरून चालले होते. तिनं तर रेडिओवरून थट्टाही केली होती— 'काका, पुढच्या वेळी बॅटरी भरून जा हं!' आणि बिचारे काकासुद्धा सगळ्यांबरोबर हसले होते.

 ती तिथेच ओल्या पायरीवर बसली.

आतून फुसी आत्या बाहेर आल्या. बापाच्या बहिणीचा शब्द म्हणजे घरात शेवटचा शब्द. पिसिलानं तो जन्मात मोडला नव्हता.

"सरकारच्या डोळ्यात खुपतोय आपण, दुसरं काही नाही," आत्या गरजल्या. "केंद्र चालूच राहील!"

"आत्या, काका मेले असते."

"काय?"

"माझ्या हसण्याखाली मेले असते ते."

पिसिला उठली, आत गेली, माइकपुढे बसली. तिनं सगळ्या बेटांना खरं काय ते सांगितलं. काकांची माफी मागितली. आणि स्वतःच्या हातानं बटण बंद केलं. आत्यांना जागच्या जागी खिळल्यासारखं झालं. पोरगी आपल्याला न विचारता...!

लिसिआतेनं ट्रान्समीटरला सील ठोकलं. 

"आज सूट दिली असतीत," पिसिला म्हणाली, "तर मी पुन्हा तुमचं तोंड पाहिलं नसतं."

"आणि आता?"

"आता... जा तुम्ही."

बेट मुकं झालं. मयताची बातमी पायी सांगत फिरावं लागू लागलं, वादळाचा इशारा उशिरा पोचू लागला. चूक पदरात घेऊन आत्यांनी रीतसर अर्ज केला, ट्रान्समीटर दुरुस्त करून घेतला, आणि चर्चच्या सभागृहात जाहीर सुनावणी लागली. सगळं गाव लोटलं. लिसिआतेही आला होता, मानाच्या प्रसंगी नेसतात ती रिवाजाची चटई कमरेला गुंडाळून. साक्षीला उभा राहिला आणि सुनावणीच्या अध्यक्षबाईंना म्हणाला,

"नियमाप्रमाणे आधी एक जाहीर करायला हवं. या प्रकरणात माझा हितसंबंध आहे. म्हणून तपासणी माझ्या सहकाऱ्यानं केलीय. मत त्याचंच धरावं."



"पैशाचा?" बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"नाही."

"नात्याचा?"

"अजून... नाही."

आत्यांच्या हातातला विंझणा थांबला. "अजून म्हणजे काय रे?"

"म्हणजे, आत्या... तिनं हो म्हटलं तर. आणि मग तुम्ही."

  किटिओनेकाकांना ठसका लागला, आणि मग ते जे हसत सुटले ते थांबेचनात. सहकाऱ्यानं कसंबसं गांभीर्य आणून सांगितलं की गळती पूर्ण थांबली आहे. परवाना मंजूर झाला. पण त्याकडे लक्ष होतं कुणाचं?

"एक बाब उरली," अध्यक्षबाई म्हणाल्या. "या निरीक्षकांच्या निवेदनावर कुणाची हरकत?"

पिसिलानं तोंड उघडलं. आवाज फुटेना.

"बोल की!" आत्यांनी कोपर मारलं. "एरवी दिवसभर बडबडतेस, आताच दातखीळ बसली?"

तिनं मान हलवली.

"मोठ्यानं," बाई म्हणाल्या. "नोंद करायचीय."

पिसिलानं लिसिआतेकडे पाहिलं. 

"हरकत नाही," ती म्हणाली.