डोळ्यांवर पडणारी झडप

खोटं वाटलं तर वाटू द्या. माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय हे. स्मशान नाही, अमावस्या नाही. उतरत्या उन्हात, भर रहदारीत, दवाखान्यातून घरी येताना.

मावशीचे सासरे गेले आणि गाडी दारात धूळ खात उभी राहिली. म्हातारा जिवंत असेपर्यंत तिला चावीला हात लावायची सोय नव्हती. लायसन्स कपाटात सडलं. "बाईच्या हातात गाडी म्हणजे माकडाच्या हातात कोलीत," हे त्याचं पालुपद.

पण सासूबाईंना डायलिसिसला नेणार कोण? दीर फोन उचलत नव्हता. वेळ चुकली तर जिवाशी गाठ.

मावशीने चावी घेतली.

पहिल्याच दिवशी परतताना सूर्य समोर आला, आणि...

टक्.

डोक्यावरची, ऊन अडवायची सन व्हायझरची झडप आपोआप खाली पडली. थेट डोळ्यांसमोर. पुढचा ट्रक दिसेना. ब्रेक लागला म्हणून दोघी वाचल्या.

गॅरेजवाला हसला. "ताई, आतला चिमटा सैल झालाय. नवीन यायला वेळ लागेल. तोवर साहेबांना चालवू द्या."

"साहेब परगावी असतात. चिमटा कुठे असतो ते सांगा."

घरी तिने झडप उतरवली. कडेचा जोड सुरीने उकलला. आत सळईला धरणारा पत्र्याचा चिमटा फाकला होता. पक्कडीने दाबला. सळईवर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. कड चिकटवली. गाडीत बसवून दोन्ही हातांनी ओढून पाहिली. हलेना.

"आता पडून दाखव!"

पुढच्या खेपेला, सूर्य समोर येताच...

टक्.

मावशीने गाडी कडेला घेतली. झडप वर केली, पुन्हा ओढून पाहिली. जाम घट्ट. हाताने खाली येत नव्हती.

सासूबाई शेजारी बसल्या होत्या. त्यांनी झडपेकडे पाहिलं आणि मान खाली घातली. नवऱ्यासमोर घालायच्या, तशीच.

मावशीचं डोकं फिरलं. घरी पोचताच तिने स्क्रू काढले आणि झडप भंगारात फेकली. डोळे दिपले तर दिपले!

पुढच्या खेपेला सूर्य समोर आला.

आवाज झाला नाही.

कपाळावर ऊन होतं. हनुवटीवर ऊन होतं. मध्ये डोळ्यांवर मात्र... काळोख. मान डावीकडे वळवली, काळोखही वळला. मागून हॉर्नवर हॉर्न.

"मी गाडी सोडणार नाही!" मावशी ओरडली. "काय करायचं ते करा!"

तेवढ्यात शेजारून आवाज आला. जन्मात नवऱ्याला उलट न बोललेल्या बाईचा.

"अहो, हात काढा तो. तिला दिसू द्या."

काळोख सरला. मावशीने चौक पार केला. मग शेजारी पाहिलं...

काळी पट्टी सासूबाईंच्या डोळ्यांवर होती.

"आई!"

"असू दे. मला सवय आहे. तू रस्ता बघ."

मावशी अजून गाडी चालवते. परवा मीही मागच्या सीटवर होतो. सूर्य समोर आला. सासूबाईंच्या बाजूची झडप वर, छताला चिकटलेली. तरीही पट्टी पडली. मी या डोळ्यांनी पाहिली.

म्हातारी त्या अंधारात हसत होती.

"अगं, जरा जोरात घे की," ती म्हणाली.