आर्वोच्या पायरीवरचा बर्फ

बस चुलीजवळ. मिशिगनच्या पार उत्तरेकडची गोष्ट सांगतो, ऐकून पायरी उतरताना खाली बघशील.

तिथल्या लाकूड कापायच्या गिरणीत टाइमी कामगारांचा स्वयंपाक करायची. शनिवारी सकाळी टॉवेल आणायला गेली नि सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, पायरीवर घसरली. खुबा मोडला. त्याच पायरीवर मागल्या हिवाळ्यात गिरणीतला आर्वो छाती धरून गेला होता. तेव्हापासून तिथं कितीजण आपटले! लोक म्हणायचे, आर्वो ढकलतो.

मुकादम मेल्विन गरजला, "भूत कसलं! पाय घसरू नये म्हणून वाळू टाकायचं काम रेइनोचं, त्यानं टाकली नाही. सोमवारपासून घरी बसू दे त्याला!"

रेइनोच्या बायकोनं कारिना लाहतीला गाठलं. खासगी तपास करायची ती. सोबत धाकटा भाऊ वर्न. मनाचा मोठा, डोक्याचा सावकाश.

पायरीपाशी वर्नच्या अंगावर काटा आला. कुणीतरी मागं उभं असल्यासारखं वाटलं.

बर्फ काचेसारखा. तळाला वाळू, मधे बर्चच्या झाडाचं हिरवं पान.

"वाऱ्यानं आलं असेल, ताई."

"जानेवारीत? झाडं बघ की, उघडी पडलीत!"

रेइनो रडकुंडीला आलेला. "शुक्रवारी संध्याकाळी टाकली हो वाळू! आईशप्पथ!"

मेल्विन फिस्कारला, "मग घसरली कशी? रात्री बर्फ पडला नाही, बाहेरचे नळ गोठलेले."

आत सौना तापवणारा म्हातारा टोइवो अंग झोडायची, उन्हाळ्यात बांधून ठेवलेली बर्चच्या डहाळ्यांची जुडी बादलीत भिजवत होता. "शुक्रवारी सगळ्यांची अंघोळ उरकली की एक बादली पाणी गेलेल्यांसाठी ठेवतो. आमची फिनलंडची रीत आहे, पोरी. उजाडलं की ओततो."

कारिनानं सगळ्यांना पायरीशी बोलावलं.

"वाळू बर्फाखाली आहे. म्हणजे रेइनोनं टाकली, पाणी नंतर आलं. आभाळातून नाही, नळातून नाही. आणि हिवाळ्यात हिरवं पान फक्त त्या जुडीत. टोइवोकाका, बादली कुठं ओतता?"

म्हाताऱ्यानं पायरीकडं बोट केलं. "आर्वो पडला तिथंच. पाणी पाणी करत गेला गं तो. मी आणेस्तोवर डोळे मिटले होते."

मेल्विननं टोपी काढली. "रेइनो, सोमवारी ये. वेळेवर."

वर्न मात्र जाताना पायरीला वळसा घालूनच गेला.

टाइमी अजून म्हणते, पाठीवर हात लागला होता. आमचं ऐकत नाही. तिकडं गेलास तर तिच्याशी जरा बोल बाबा. आर्वो तसा माणूस नव्हता, एवढं सांग तिला.