दोन तिरक्या माना

शस्त्रक्रियेच्या सरावाच्या खोलीतला पडदा बंद पडल्याचा निरोप आला, म्हणून तो अवजारांची पेटी घेऊन वर गेला. इस्पितळातली यंत्रं दुरुस्त करणं हे त्याचं काम. दार उघडलं तर आत एक तरुण डॉक्टर एकटीच उभी. टेबलावर एक काळं खोकं, त्याच्या झाकणाला दोन भोकं, भोकांतून आत गेलेले दोन लांब चिमटे, आणि त्या चिमट्यांच्या मुठी तिच्या हातात.

"पडदा मीच सुरू केला," ती मागे न बघता म्हणाली. "पण आता कॅमेऱ्याचा स्टँड मोडलाय. दोन मिनिटं धराल का?"

त्याने कॅमेरा धरला. खोक्याच्या आतलं पडद्यावर दिसू लागलं. ती चिमट्याने मक्याचा एकेक दाणा उचलून एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकत होती.

"तुमचा हात उजवीकडे जातोय... आणि चिमटा डावीकडे?"

"पोटाला भोक पाडून काम करायचं तर असंच असतं. हात वर नेला की टोक खाली जातं. सगळं उलटं."

"मग घरी गेल्यावर कसं होतं?"

"काल दार ओढायचं ते ढकलत बसले होते. आई आतून म्हणाली, बाई गं, तुझं शिक्षण संपेपर्यंत दाराचं काही खरं नाही."

तो हसला. पडद्यावरचं चित्र मात्र तसूभर हललं नाही. तेव्हा तिने पहिल्यांदा मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"हसताना हात हलत नाही तुमचा?"

"सोल्डरिंग करतो. हात हलला की यंत्र गेलं."

"आणि नोकरी?"

"ती पण."

दोन मिनिटांचा पाऊण तास झाला. पडदा नीट चाललाय, आपलं इथे काही काम नाही, हे त्याला खाली जिना उतरताना आठवलं.

शस्त्रक्रिया विभागाच्या प्रमुख डॉक्टरांना सगळे थोरल्या बाई म्हणत. त्यांना शस्त्रक्रियेच्या वेळी कॅमेरा धरायला पक्क्या हाताचा माणूस हवाच होता. तिने याचं नाव सांगितलं. थोरल्या बाईंनी दोन महिने त्याला शिकवलं, घोटवून घेतलं आणि मग एका सकाळी टेबलापाशी उभं केलं.

त्याच्या आईच्या पोटावर पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेचा वीतभर व्रण होता. तेव्हा तो तीन वर्षांचा. आईने नंतर कितीतरी महिने त्याला कडेवर घेतलं नाही, एवढं त्याला आठवत होतं. इथे त्याच दुखण्याच्या पेशंटचं पोट वायू भरून तंबूसारखं उचललं गेलं. बेंबीपाशी नखाएवढं भोक पडलं. त्यातून त्याने कॅमेऱ्याला जोडलेली दुर्बीण आत नेली... आणि तो श्वास घ्यायचंच विसरला.

एवढा उजेड असेल असं त्याला वाटलं नव्हतं. सगळं ओलं, चकचकीत, जागच्या जागी. तांबूस काळं यकृत श्वासासरशी वरखाली होत होतं. त्याच्याखाली निळसर पित्ताशय आणि पिवळ्या चरबीत दोऱ्याएवढी एक रक्तवाहिनी, ठक ठक उडणारी. ज्याचं हे सगळं होतं त्यानेही ते कधी पाहिलं नव्हतं.

"श्वास घ्या," शेजारून ती मास्कमधून हळूच म्हणाली. "पेशंटचा श्वास भूलवाले काका बघतात. तुमचा तुम्हालाच घ्यायचाय."

पुढे दोघांचं बरोबर काम करणं रोजचंच झालं. मास्क आणि टोपी यांच्यामध्ये उरतात ते फक्त डोळे, त्यामुळे ती हसली की नाही हे तो डोळ्यांच्या कडांवरून ओळखायला शिकला. दुर्बिणीच्या भिंगावर वाफ धरली की ती बोलायच्या आत तो दुर्बीण बाहेर काढून कोमट पाण्यात बुडवून पुसून घ्यायचा.

"मी सांगितलंही नव्हतं," एकदा ती म्हणाली.

"तुम्ही डोळे बारीक केलेत."

"म्हणजे तुम्ही पडद्याकडे बघत नव्हतात?"

"पडद्याकडेच बघत होतो," तो म्हणाला. "बाकीचं... बाजूने दिसतं."

भूलवाले काका खोकले. त्यांना सर्दी नव्हती.

एकदा कँटीनमध्ये चहा घेताना ती म्हणाली, "तुम्हाला माहितीये का, आत गेल्यावर तुम्ही दाखवाल तेवढंच मला दिसतं. त्याच्या पलीकडे मी आंधळी." त्याने चहा संपवला. पण त्या दिवशी त्याने तीन यंत्रं दुरुस्त केली आणि तिन्हींचे स्क्रू खिशातच राहिले.

मग तो मंगळवार आला. ती पित्ताशयाची नळी मोकळी करत होती, थोरल्या बाई समोर उभ्या राहून बघत होत्या. तिने कसलीशी गंमत सांगितली, तो ऐकत राहिला, आणि ऐकता ऐकता कॅमेरा त्याच्या मुठीत किंचित फिरला. चित्र तिरकं झालं. "सरळ करा" एवढं म्हणायचं होतं तिने. ती म्हणाली नाही. तिने स्वतःची मान कलती केली. चित्र आणखी फिरलं, तिची मान आणखी कलली, आणि तिच्याबरोबर त्याचीही.

"काय हो," भूलवाले काका म्हणाले, "दोघांच्या माना कुठे निघाल्या?"

"थांब," थोरल्या बाई म्हणाल्या. "चिमटा मागे घे. आता कॅमेरा सरळ करा."

चित्र सरळ झालं. तिने चिमटा जिथे न्यायला घेतला होता तिथे पित्ताशयाची नळी नव्हतीच. ती यकृताकडून येणारी मुख्य नळी होती. तिला धक्का लागला असता तर टेबलावरच्या पेशंट बाईचं आयुष्य इस्पितळाच्या वाऱ्या करण्यात गेलं असतं.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. हात धुताना थोरल्या बाई शांतपणे बोलल्या.

"घरात एक वाकडा वागला की दुसऱ्याने सांभाळून घ्यावं. तिथे चालतं ते. माझ्या टेबलावर ते पेशंटला भोगावं लागतं." मग तिच्याकडे वळून म्हणाल्या, "गुरुवारची शस्त्रक्रिया सुरुवातीपासून शेवटपर्यंत तुझी. तुझी पहिली. कॅमेरा कोण धरणार ते तू ठरव. निवड चुकली असं मला वाटलं तर शस्त्रक्रिया मी करेन, आणि तू आणखी वर्षभर दाणे उचलशील."

संध्याकाळी ती त्याच्या दुरुस्तीच्या खोलीत आली.

"गुरुवारी शस्त्रक्रियेच्या खोलीतल्या सिस्टर कॅमेरा धरतील."

त्याने हातातली वायर खाली ठेवली. "सिस्टरांचा हात थरथरतो."

"हो."

"माझा थरथरत नाही."

"माहितीये मला."

"म्हणजे हात चांगला असून मला काढलंत?"

"हातासाठी नाही काढलं. मानेसाठी... माझ्या मानेसाठी," ती म्हणाली. "तुम्ही चुकलात की माझ्या तोंडून ते निघत नाही. दुसऱ्या कुणाला मी फाडकन सांगते. तुमच्या बाबतीत... मी वाकून घेते."

त्याला बरंच काही बोलायचं होतं. पण राग असा नाकाच्या शेंड्यावर बसला की तो एवढंच म्हणाला, "ठीक आहे, डॉक्टर." ती निघून गेली.

गुरुवारी तो जाणारच नव्हता. तरी शस्त्रक्रियेची वेळ झाली तेव्हा तो विद्यार्थ्यांच्या खोलीत, शेवटच्या खुर्चीवर येऊन बसला होता. तिथल्या मोठ्या पडद्यावर आतलं सगळं दिसायचं, आवाजही यायचा. पेशंट होता हमाल. पन्नाशीचा, पाठीवर पोती वाहणारा. पोट कापलं तर पोती कोण उचलणार, म्हणून दोन वर्षं दुखणं अंगावर काढलेला माणूस.

आत सिस्टरांचं चित्र हललं.

"सिस्टर, सरळ," तिचा आवाज आला.

थोड्या वेळाने पुन्हा, "सिस्टर, जवळ. सरळ. हं." त्यात ना राग ना संकोच. सिस्टरही "हो डॉक्टर" म्हणून मोकळ्या. आपल्याशी ती असं कधीच बोलली नव्हती, हे त्याच्या ध्यानात आलं. आणि तिला असं बोलता यावं म्हणून आपणही कधी काही केलं नव्हतं. तिच्या कलत्या मानेचं आपल्याला मनातून बरंच वाटत होतं.

मग तो नुसता बघत राहिला. इतके महिने चित्र सांभाळण्याच्या नादात त्याने तिचं काम असं कधी पाहिलंच नव्हतं. एवढ्याशा भोकातून, आरशातल्यासारख्या उलट्या हातांनी, ती चरबीचा एकेक पापुद्रा बाजूला करत होती. नळी वेगळी झाली. रक्तवाहिनी वेगळी झाली. दोन्ही वेगळ्या ओळखू आल्यावरच तिने क्लिपा लावल्या, दुसरी जरा घाईतच, मग कात्री चालवली. यकृताला चिकटलेलं पित्ताशय सालीसारखं सोलून मोकळं झालं, एका छोट्या पिशवीत गेलं, आणि ती पिशवी बेंबीपाशी बाहेर आली. रक्त म्हणावं तर चमचाभर. पुढच्या रांगेतल्या विद्यार्थ्यांनी लिहिणं कधीच सोडून दिलं होतं. माणूस माणसाला इतकं हळू हात लावू शकतो, असं त्याच्या मनात आलं.

शस्त्रक्रिया झाली. थोरल्या बाई आत फक्त "बरं" म्हणाल्या. त्यांच्या तोंडून ते फार होतं.

संध्याकाळी ती त्याला वॉर्डाबाहेरच्या पॅसेजमध्ये भेटली. पायांत अजून शस्त्रक्रियेच्या खोलीतल्या सपाता.

"तुम्ही बघत होतात म्हणे."

"हो."

"कसं झालं?"

सुंदर झालं म्हणणं सोपं होतं, आणि खरंही होतं. तरी त्याने दुसरंच सांगितलं.

"दुसऱ्या क्लिपला घाई केलीत. चित्र स्थिर व्हायच्या आत हात पुढे गेला."

तिने खाली सपातांकडे पाहिलं. त्याला वाटलं, संपलं सगळं.

"थोरल्या बाईंनीही हेच सांगितलं," ती म्हणाली.

"मग मला कशाला विचारलंत?"

"तू सांगतोस का, ते बघायचं होतं."

तू... त्याने ऐकलं, पण ऐकलं असं दाखवलं नाही.

"टेबलापाशी मी नको, हे पटलं मला," तो म्हणाला. "तुझं काम बघताना पटलं. माझ्यामुळे ते कमी व्हायला नको."

"टेबलापाशी नको," ती म्हणाली. "मी टेबलाबद्दलच बोलले होते. बाकीच्या दिवसाबद्दल... कुठे काय बोलले?"

"बाकीच्या दिवसात तुझं चुकलं तर मी सांगेन."

"सांगच. आणि तुझं चुकलं की मी."

"मग एक सांगतो. माझं प्रेम आहे तुझ्यावर." दुसऱ्या क्लिपबद्दल जसं सांगितलं, तशाच आवाजात त्याने सांगितलं.

तिच्या डोळ्यांच्या कडांना बारीक सुरकुत्या पडल्या. आज मास्क नव्हता, त्यामुळे बाकीचं हसूही दिसलं.

"सात महिने," ती म्हणाली. "घाई म्हणून नाही केलीस." आणि तिने हात पुढे केला. त्याने तो धरला आणि तसाच धरून ठेवला.

"जरा बाजूला होता का?" मागून आवाज आला.

सकाळचा हमाल होता. एका हाताने पायजमा सावरत, दुसऱ्या हाताने आधार द्यायला आलेल्या बायकोला दूर सारत, एकेक पाऊल टाकत तो निघाला होता. "धरू नकोस गं, चालतोय ना मी," तो तिला म्हणत होता. पोटावर चार छोट्या पट्ट्या, बस. दोघं भिंतीला चिकटून उभी राहिली आणि श्वास रोखून, हात न सोडता, पॅसेजच्या टोकापर्यंत त्याला चालताना बघत राहिली.