सगळ्यात जास्त ओरडणारं मांजर

ताईची एकतीस मांजरं न्यायला प्राणी-निवाऱ्याची गाडी भर दुपारी आली, आणि ती बोलावली होती कोणी, तर तिच्या सख्ख्या धाकट्या भावाने. घड्याळं दुरुस्त करून पोट भरणारा साधा माणूस तो. शेजाऱ्यांच्या तक्रारींनी त्याचे कान किटले होते. खरं सांगायचं तर घराची अवस्था बघवत नव्हती. मुताचा उग्र वास, चिकट फरशी, चिपडांनी मिटलेले मांजरांचे डोळे. ताई स्वतः चहा-पावावर दिवस काढायची, आणि तरी कुठे पिल्लू केकाटलं की उचलून आणायची.

"एवढी कशाला गं पाळायची?" गाडी गेल्यावर त्याने विचारलं.

"घरात आवाज राहतो रे."

"वेडी आहेस तू."

"थांब जरा... कळेल तुलाच."

घर शांत झालं. मग आतल्या खोलीतून आवाज आला. टिण्... टिण्... टिण्...

पेल्यावर चमचा वाजवावा तसा. त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. अंथरुणाला खिळलेली आई अशीच पाणी मागायची. तिला जाऊन अकरा वर्षं झाली होती.

"आई गेली त्या दुपारी मी ऐकलं होतं," ताई हळूच म्हणाली. "तीन रात्री डोळ्याला डोळा नव्हता. म्हटलं, पाच मिनिटं पडते, मग उठते... तेव्हापासून कोणी ओरडलं की उठल्याशिवाय राहवत नाही. आणि ती सगळी ओरडत असली, की हे ऐकू येत नाही."

त्याला रडूच फुटलं. आई "धाकट्याला बोलव" म्हणायची, आणि हा पठ्ठ्या दर वेळी "पुढच्या आठवड्यात येतो" म्हणायचा.

टिण्... टिण्...

"इतकी वर्षं मी उठले," ताई म्हणाली. "आज तू जा ना रे."

तो गेला. आत नुसता उघडा पलंग. उशाशी स्टुलावर कोरडा पेला आणि पेल्यात चमचा. त्याने पेला काठोकाठ भरला.

"आलो गं आई," तो म्हणाला. "उशीर झाला..."

आवाज थांबला. बाहेर येऊन बघतो तर ताई बसल्या जागी झोपलेली, लहानपणी झोपायची तशी, तोंड उघडं टाकून. त्याने तिच्या अंगावर चादर घातली. निघताना पुन्हा आत डोकावला. पेला रिकामा होता, आणि चमचा कुठेच नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो निवाऱ्याच्या दारात हजर. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले.

"ताईंची मांजरं परत न्यायला आलात?" तिथल्या माणसाने विचारलं.

"छे हो. ताई छान झोपते आता. मला हवंय एक, माझ्या घरी. सगळ्यात जास्त ओरडतं ते द्या."

"एकच ना?"

एवढ्या कलकलाटातही तो क्षणभर कान देऊन उभा राहिला.

"सध्या... एकच द्या."