शिंप्यानं बसवलेला कंप्रेसर

शेवटचा साधा दिवस रविवार होता. त्या दिवशी बाबांनी जेवणाच्या टेबलावर एक काळं, जड यंत्र आणून ठेवलं आणि नव्या जावयाकडे बघावं तसं त्याच्याकडे कौतुकानं बघत उभे राहिले.

"आता जेवायचं कुठे? याच्या मांडीवर?" आईनं विचारलं.

"कंप्रेसर आहे तो," बाबा म्हणाले. "गाडीतच बसवायचा. बटण दाबलं की हवा!"

बाबा शिंपी होते. माणसांचे नव्हे, गाड्यांचे. जीपची कॅनव्हासची हूडं आणि सीटची कव्हरं शिवायचे. गाडीचा वरचा अर्धा भाग त्यांना पाठ होता. खालचा अर्धा नुसताच आवडायचा. त्यांची स्वतःची जीप मात्र पत्र्याच्या छताची, तिघांच्या हातून आलेली. दर रविवारी ते ती नदीकाठच्या वाळूत न्यायचे. वाळूत शिरण्याआधी चाकांतली हवा निम्मी सोडायची, म्हणजे चाक पसरतं आणि रुतत नाही. बाहेर आल्यावर पायपंपानं पुन्हा भरायची. चार चाकं, साठी उलटलेला माणूस, आणि गाडीत बसून वाचणारी मुलगी.

मुलगी एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासायची. लोकांच्या चुका काढणं हाच तिचा धंदा. त्या रविवारीही ती खिडकीशी कागदांचा गठ्ठा घेऊन बसली होती.

"ये गं, बघ तरी!" अंगणातून हाक आली.

"पाच मिनिटं, बाबा."

दोन तासांनी अंगणात काहीतरी घरघरलं, थांबलं, पुन्हा घरघरलं. मग बाबा खिडकीशी आले. नाकाला ग्रीस, कपाळावर घाम, आणि चेहरा असा की जणू विमान उडवून आलेत. "चारही चाकं भरली! पायाला काम नाही! कसं झालंय सांग."

तिनं मान वर केली नाही. "बाबा, तुम्ही आपलं शिवणकामच करा बघू."

ते हसले. त्यांना तिचं सगळंच विनोदी वाटायचं.

सोमवारी सकाळी मशीनवर बसल्या बसल्या ते गेले. कापड सुईखालीच राहिलं.

तीन महिने जीप अंगणात उभी होती. शेवटी आईच म्हणाली, "उभी गाडी कुजते. माणसंसुद्धा. जा, फिरवून आण."

म्हणून ती एका ढगाळ सकाळी एकटीच नदीवर गेली, वाळूत दोन चकरा मारल्या, बाहेर येऊन बाबांनी बसवलेलं बटण दाबलं. पहिलं चाक भरलं. दुसरं भरलं. तिसऱ्याला जळका वास आला आणि बॉनेटच्या फटीतून धूर निघाला.

"बटण! आधी बटण बंद करा!"

पलीकडे उभ्या असलेल्या गाडीतून एकजण धावत आला. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, चपला वाळूत सुटलेल्या. त्यानं बॉनेट उघडलं, बॅटरीची वायर झटक्यात काढली, धूर हातानं बाजूला सारला आणि आत वाकून बघितलं. बघतच राहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले.

"माफ करा हं," तो म्हणाला, "पण हे... हे कुणी बसवलं?"

"का?"

"अहो, या वायरीला मध्ये फ्यूज असतो. काही बिघडलं तर तो जळतो, गाडी वाचते. या महाशयांनी फ्यूजच कापून टाकलाय! सरळ जोड दिलाय. आणि वायर नेलीये कुठून, तर सायलेन्सरच्या पाइपाला खेटून. आणि वर ही खाकी खोळ—टाके तर बघा, टाके! मिस्त्री होता की शिंपी?"

फ्यूज का कापला ते तिला त्याच क्षणी कळलं. बाबांना धाग्यात गाठ चालायची नाही. वायरीच्या मधोमध तो जाडा फ्यूज म्हणजे त्यांच्या डोळ्यांना गाठच. त्यांनी ती काढली, साफ जोड दिला आणि वर नेटकी खोळ शिवली. दोन तास.

तो अजून हसत होता. दात पांढरेशुभ्र, गालावर काळा ओघळ, आणि डोळे असे की त्यात बघताना माणसानं स्वतःचे केस नीट करावेत.

"कुणीतरी रस्त्यावरचा होता," ती म्हणाली. "ओळखीचा नाही."

एवढंच. इतकं सोपं होतं ते.

त्याचं गॅरेज गावाच्या टोकाला होतं, उघडून दोनच महिने झालेले. तो बाहेरगावचा, इथलं कुणी त्याला माहीत नव्हतं. काम एका दिवसाचं होतं, पण ते चार शनिवार चाललं. का चाललं ते दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघंही स्पेअर पार्टवर ढकलत होते.

"मॅडम, दहाचा पाना द्या."

"हा?"

"हा बाराचा. पुस्तकांतल्या चुका बऱ्या सापडतात तुम्हाला."

"पुस्तकं वंगणानं माखलेली नसतात."

"म्हणूनच कुणी वाचत नाही."

तिनं पाना त्याच्या हातावर जरा जोरातच ठेवला. त्यानं बोटं मिटली, तिच्या बोटांसकट... आणि मग दोघांनीही घाईनं कंप्रेसरकडे बघितलं.

नव्यानं सगळं व्हायला लागलं. कंप्रेसर पाइपापासून लांब, दुसऱ्या बाजूला सरकला. हवा ओढायचं त्याचं तोंड बाबांनी खाली केलं होतं, ते वर झालं, नाहीतर पाण्यातून जाताना तो पाणीच प्यायला असता. वायर जाड आली, बॅटरीपाशीच फ्यूज आला. आणि प्रत्येक नटाबरोबर एक चुटका निघायचा.

"आमचे शिंपीबुवा," तो म्हणायचा, "यांनी स्क्रूसुद्धा टाचणीसारखे लावलेत. माप घेतलं असेल का हो कंप्रेसरचं? छाती, कंबर?"

आणि एकदा... एकदा तीच म्हणाली, "काजं-बटणंही करून मागायला हवी होती."

तो इतका हसला की गाडीखालून बाहेर येताना डोकं आपटलं. ते हसू तिनं आणलं होतं. तिला फार आवडलं. घरी जेवायला बसल्यावर ती भाकरी नुसती मोडत राहिली.

"कसं चाललंय गॅरेजात?" आईनं विचारलं.

"होतंय."

"यांनी केलेलं काढलं का सगळं?"

"...काही काही."

"काय म्हणाला तो?"

"काही नाही."

आईनं पाण्याचा पेला पुढे सरकवला. "चांगला आहे का?"

"कोण?"

"कंप्रेसर," आई म्हणाली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा तिच्या ओठांचा कोपरा हलला होता. मुलीनं ताटात मान घातली. आईला हे सुख मिळावं आणि ते असल्या पायावर उभं असावं, याची तिला इतकी शरम वाटली की कान तापले.

चौथ्या शनिवारी रिमझिम सुरू होती. गॅरेजच्या पत्र्यावर कुणी तांदूळ पाखडत असावं तसा आवाज. काम संपलं होतं. दोघं टायरांच्या चळतीवर बसले होते, मध्ये चहाचे दोन पेले.

"तुमचे बाबा काय करायचे?" त्यानं विचारलं. ते गेल्याचं तिनं सांगितलं होतं, तेवढंच.

"दुकान होतं."

"कसलं?"

"कापड... तसलंच काहीतरी."

"तसलंच काहीतरी," तो हळूच म्हणाला. "बोलायचं नसेल तर राहू दे."

त्याला वाटलं दुःख आहे. दुःख होतंच, पण त्याच्या आड ती दुसरंच काही लपवत होती, आणि दुःखाची अशी ढाल करणं तिला सगळ्यांत नीच वाटलं.

"एक विचारू?" तो म्हणाला. पेला फिरवत होता. "तुझ्या आईंना भेटायला येऊ? म्हणजे... गाडीचं काम म्हणून नाही."

'तुमच्या' म्हणता म्हणता तो 'तुझ्या'वर आला होता, आणि ते लक्षात येऊन स्वतःच लाल झाला होता. तिच्या छातीत काहीतरी उमललं आणि तिथेच थिजलं. आमच्या घरी... भिंतीला लागून मशीन. खुंटीवर खाकी दोऱ्याची रिळं. हा दारातून आत येईल, आणि बघेल.

"पुढच्या शनिवारी सांगते," ती म्हणाली.

आठवडाभर तिनं एकच वाक्य तपासलं. खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. दुसऱ्यांच्या वाक्यांत तिला कधी इतका वेळ लागला नव्हता.

शनिवारी ती गॅरेजात शिरली तेव्हा दोन गिऱ्हाइकं उभी होती आणि तो त्यांना समोरची भिंत दाखवत होता. भिंतीवर, पान्यांच्या रांगेच्या वर, एका खिळ्याला बाबांनी बसवलेली वायर टांगलेली होती. अर्धी जळलेली, अर्धी खाकी खोळीत. धूळ पुसून, नीट.

"हे आमचं मानाचं निशाण," तो सांगत होता. तिला बघून चेहरा उजळला. "या आल्याच! यांच्याच गाडीतलं. कुणा शिंप्यानं बसवलेला कंप्रेसर. फ्यूज कापून टाके घातलेत! पण बरं का, त्याच्यामुळेच आमची ओळख झाली, म्हणून टांगून ठेवलंय."

गिऱ्हाइकं पोट धरून हसली. त्यातला एक म्हणाला, "होता तरी कोण हा शिंपी?"

तो तिच्याकडे वळला. भुवया उंचावून, ओठ दाबून. पुढचा चुटका तिचा होता. काजं-बटणं. तो वाट बघत होता.

"माझे बाबा," ती म्हणाली.

कुणाला आधी कळलंच नाही. एकजण थोडा हसलासुद्धा. मग ती दोघं, "आम्ही नंतर येतो," असं पुटपुटत निघून गेली, आणि गॅरेजात एका गाडीच्या टायरातून हवा सुटल्याचा बारीक आवाज तेवढा उरला.

त्यानं खिळ्यावरून वायर काढायला हात वर केला, पण हात मध्येच थांबला. आता त्या वायरीला हात लावायचीही त्याला भीती वाटत असावी.

"मी... काय काय बोललो त्यांना," तो म्हणाला.

"तुम्हाला माहीत नव्हतं. मला होतं. आणि मी हसले. तुमच्यापेक्षा जोरात."

"अगं, पण का? पहिल्याच दिवशी सांगितलं असतंस तर मी पाया पडून माफी मागितली असती. मी इतका हलका वाटलो तुला?"

"नाही."

"मग? त्यांनी काम चुकीचं केलं, ठीक आहे. चुकलं म्हणजे काय पाप केलं का? माझा बाप तर चहासुद्धा जाळायचा." त्याचा आवाज फाटला. रागानं नव्हे. "महिनाभर, पोरी! महिनाभर तू समोर बसून ऐकत होतीस. कसं ऐकवलं तुला?"

तयार करून आणलेलं वाक्य तिला आठवेना. बरंच झालं, त्यात 'परिस्थिती' असा शब्द होता. तिनं त्याच्या काळ्या हातांकडे बघितलं, मग डोळ्यांकडे. या वेळी मान वर ठेवली.

"तुम्ही आत वाकलात, आणि मग हसत माझ्याकडे बघितलंत," ती म्हणाली. "आणि तुम्ही मला आवडलात. तिथल्या तिथे, एवढ्याशा वेळात. म्हणून मला माझ्या बाबांची लाज वाटली... आणि मी त्यांना ओळख दिली नाही."