बिनमालकाचा हात

दुकानात शिरताच टिकलीने डिस्क काउंटरवर आपटली. बारीक चणीमुळे घरात सगळे तिला टिकली म्हणत, पण आवाज काही बारीक नव्हता.

"आमचा टीव्ही माणसं खातो!"

उघड्या टीव्हीत डोकं घातलेला दुरुस्तीवाला बाहेर आला. केसांत जळमट, डोळ्यांत हसू.

"किती खाल्ली?"

"एकच. पण सख्खी मावशी."

आईच्या निवृत्तीच्या समारंभाचं शूटिंग टिकलीनेच केलं होतं, डिस्कही घरच्या कॉम्प्युटरवर तिनेच बनवली होती. कॉम्प्युटरवर मावशी आईशेजारी अगदी छान दिसत होती. पण मावशीच्या घरी सगळ्यांसमोर डिस्क लावली, तर टीव्हीवर आईच्या खांद्यावर नुसता एक हात... बिनमालकाचा. घरच्या टीव्हीवरही तेच.

"मावशी आईला म्हणाली, हात तेवढा ठेवलास, बाकीची मी अडचण झाले? तेव्हापासून आईशी बोलणं बंद. आणि आई रोज फोनकडे बघत बसते."

आता तो हसला नाही. त्याने दुकानातल्या टीव्हीवर डिस्क लावली. हात आला, मावशी नाही.

"तुमचा टीव्ही ठीक आहे. जुन्या पडद्यावर चित्राच्या कडा वेड्यावाकड्या यायच्या, वीज कमी झाली की चित्र आक्रसायचं. म्हणून कंपन्या चित्र मुद्दामच थोडं मोठं करतात. कडा चौकटीच्या आड जातात. टीव्हीवर कार्यक्रम करणाऱ्यांना हे माहीत असतं, ते माणसं मधे घेतात. तुम्ही मावशींना अगदी काठावर उभं केलंत."

"मला काय स्वप्न पडलं होतं?"

"तुमचा टीव्ही मी आतून जुळवून देतो. कडा दिसतील."

"आणि मावशीचा? ती स्वतःच्याच घरात कापली जाणार ना!"

तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं त्याने... "खरंय. मग चित्रच लहान करू. चारी बाजूंनी काळी पट्टी सोडायची. टीव्हीला काय खायचं ते पट्टी खाईल."

नवी डिस्क तयार होईपर्यंत तिने त्याच्या केसांतलं जळमट काढलं. काढून झाल्यावर लक्षात आलं, की आपण विचारलंच नाही. त्यानेही तक्रार केली नाही.

संध्याकाळी दोघं मावशीकडे गेली. मावशीने दार उघडलं, पण तोंड नाही. डिस्क लागली. खांद्यावर हात, हाताला मावशी, आणि मावशी आईकडे बघून रडतेय.

"अगं बाई," मावशी म्हणाली, "मी एवढी रडत होते?"

मग ती उठली आणि आईला फोन लावला. पलीकडे आई आधी रागावली, मग रडली, मग दोघी साड्यांच्या गप्पांवर घसरल्या. मधेच फोनवर हात ठेवून मावशीने विचारलं, "हा कोण गं?"

"टीव्हीवाला."

"टीव्हीवाले हल्ली घरी येऊन डिस्क लावून देतात होय?"

"सगळ्यांना नाही," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

मावशी फोन घेऊन मुद्दामच आत गेली.

टिकली त्याला दारापर्यंत सोडायला आली. चप्पल घालायला त्याने बराच वेळ लावला.

"उद्या दुकानात येऊ का?" तिने विचारलं. "म्हणजे... टीव्ही ठीकच आहे आमचा."

"घेऊन या. ठीक असलेल्या टीव्हीला फार दिवस लागतात."

"किती?"

"तुम्ही कंटाळेपर्यंत."

"मग तुमची काही सुटका नाही," टिकली म्हणाली.